दक्षिणेकडची खिडकी

पूर्वा : सतरा चिमण्या, बाबा! एकोणीसशे दहाच्या फोटोत मोजल्या मी. आणि आज नकाशावर रस्त्यारस्त्यातून फिरून बघितलं, तर दोनच उभ्या आहेत.

(मस्कत. गाला भागातलं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप. दुपारची सुट्टी. बाळकृष्ण डबा खातायत. समोर मुलीचा लॅपटॉप.)

बाळकृष्ण : आणि ह्या छपराछपरावर दिसतायत त्या?

पूर्वा : ती घरांची धुराडी. मी गिरण्यांच्या चिमण्या म्हणतेय. इंग्लंडमधलं लँकशायर आहे हे, अख्खं गाव कापसावर चालायचं! हा कालवा बघा, ह्यातून गाठी यायच्या. हा टाउन हॉलचा घड्याळाचा टॉवर. आणि हे चर्च, आता आत गालिच्यांचं दुकान.

बाळकृष्ण : थांब, मागे घे. अगो, एकाही भिंतीवर एसीचं युनिट नाय!

पूर्वा : लागतच नाही तिथे.

बाळकृष्ण : म्हणजे आपला धंदा बुडाला. ही लाल विटांची घरं एकाला एक चिकटलेली, आणि दार मात्र प्रत्येकाचं वेगळ्या रंगाचं. हे काय, मिठाईचं दुकान? जिलबी मांडलीय की गो काचेत!

पूर्वा : कोपऱ्यावरच! आणि हे निळ्या दाराचं माझं घर. आता वर्षभर इथूनच चालत लॅबला जायचं. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. पुढची दक्षिणेला, मागची उत्तरेला. अजून एक मुलगी विचारतेय, म्हणून घरमालकिणीला आज तीनच्या आत कळवायचंय.

बाळकृष्ण : मग त्यात कळवायचं काय? मागची. मी मेसेज लिहून ठेवलाय, पाठवायचाच बाकी.

पूर्वा : नका पाठवू! मला पुढची हवीय.

बाळकृष्ण : खुळी की काय? पंचवीस वर्षं मी हेच करतोय. दक्षिणेची खोली म्हटली की दीड टनाच्या जागी दोन टनाचा एसी लावावा लागतो. उत्तरेची घे, थंड राहील. खलास.

पूर्वा : थंड राहील, बाबा! तेच तर! तुम्ही गाल्याचं ऊन धरून खोली निवडताय.

बाळकृष्ण : ऊन सगळीकडे ऊनच.

पूर्वा : नाही ना. डिसेंबरात भर दुपारी इथे सूर्य त्रेचाळीस अंशांवर असतो. तिथे तेरा. हात लांब करा, मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. सूर्य जमिनीपासून सव्वा मूठ वर.

बाळकृष्ण : एवढाच? मग मागच्या खोलीत?

पूर्वा : ऑक्टोबर ते मार्च एक किरण नाही. आणि चार वाजता काळोख. मी इथे जन्मले, बाबा. ऊन नाही असा आठवडा मी बघितलेलाच नाही. दिवसातून तासभर तरी हवं मला.

बाळकृष्ण : आयला! हे बघ, मेसेज पुसला. पुढची लिहू? पण थांब. पुढच्या खिडकीसमोर हे काय आहे?

पूर्वा : गिरणी. कालव्यापलीकडची. पाच मजली, आता आत फ्लॅट आहेत. काय सुंदर विटा—

बाळकृष्ण : विटा राहू देत. तुझा सव्वा मुठीचा सूर्य हिच्यामागे जाणार नाय?

पूर्वा : अरे देवा. हे मी धरलंच नाही.

बाळकृष्ण : आडवी आली तर दोन्ही खोल्या सारख्याच काळोखी. मग हे घरच नको, दुसरं बघ. मोज!

पूर्वा : मोजते, मोजते. उंची कुठून आणू पण? हां, गिरणीचं दार! दोन मीटर धरू?

बाळकृष्ण : धर. आता पेनावर दाराची उंची घे आणि चढव वर. हलू नको गो, स्क्रीन हलतेय.

पूर्वा : साडेआठ दारं. सतरा मीटर. माझी खिडकी साडेचार मीटरवर, ती वजा. आता अंतर. रस्ता, कालवा, गिरणीचं आवार... साठ मीटर!

बाळकृष्ण : बरं की वाईट?

पूर्वा : थांबा, कोन काढतेय.

बाळकृष्ण : यल्ला, चल लवकर, पावणेतीन झाले! काय आलं?

पूर्वा : गिरणीचं छप्पर अकरा पूर्णांक आठ अंशांवर. सूर्य सगळ्यात खाली असतानाही तेरावर, छपराच्या वरून! लिहा, पुढची!