नवशाचं ताट

बायजाबाई : हळू ये चंद्रे, दगडांवर शेवाळ हाय.

चंद्रा : केवढी गं ही घळ, आये! दोनी अंगांनी काळा कडा, आनि पानी कसं हिरवंगार. गावाच्या पायथ्याशी हाय, पन मी आज पयल्यांदा बघते.

बायजाबाई : आपल्याला कोन येऊ देतंय इथं? लगीन होऊन आले, तवापासून मीबी आजच बघते.

चंद्रा : भांडी कुठं निघायची?

बायजाबाई : त्या कपारीवर. लग्नाच्या आदल्या सांजेला हळदकुंकू वाहून मागायची. सकाळी ताटं-वाट्या मांडलेल्या. लगीन झालं की घासून परत. तुझ्या आज्ज्यानं एक ताट ठेवून घेतलं म्हनं, आनि डोह बंद झाला.

चंद्रा : ठेवलं व्हतं?

बायजाबाई : सासूनं मरताना माझ्या गळ्याची शपथ घेतली, न्हाय ठेवलं म्हनून. पन गाव आजबी आपल्या घरी घास खात न्हाय. वळ गावच्या राघोनं एवढंच मागितलंय, ताट डोहाला परत करा, म्हंजे लोकांची तोंडं बंद, आनि पोरीला सून करून नेतो. तो बघ, वर उभा हाय. काढ ते फडक्यातलं.

चंद्रा : आये! हे तर बाबाचं ताट!

बायजाबाई : गप. टाक.

चंद्रा : धामणकर नाक्याला कापडाच्या लूमवर कामाला लागला, तवा पयल्या पगारात घेतलेलं. ह्यातच जेवायचा.

बायजाबाई : तो तर गेला, आता कोन जेवनार? तुझं लगीन तरी होईल.

चंद्रा : आनि ह्यावर कोरलेलं त्याचं नाव घासलंस?

बायजाबाई : दोन दिस राखेनं घासलं. जात न्हाय मेलं.

चंद्रा : टाकलं की आपन चोर ठरलो, आये.

बायजाबाई : न टाकता आजवर कोन ठरलोत?

राघो : (वरून उतरत) टाकलंत का वो?

चंद्रा : न्हाय, मामा. हे घ्या, वाचा.

बायजाबाई : चंद्रे!

राघो : मला कुठं वाचता येतंय, पोरी?

चंद्रा : मंग बोट फिरवा. काय लागतं?

राघो : अक्षरं हायत.

चंद्रा : 'नवशा गोमा, १९७१'. माझा बाप. डोहाच्या भांड्यावर मानसाचं नाव असतं?

राघो : न्हाय. तसं कदी ऐकलं न्हाय.

चंद्रा : आमच्याकडं परत करायला काय न्हाय, मामा. लगीन मोडायचं तर मोडा.

राघो : बायजाबाई, पोरगी खरं बोलते?

बायजाबाई : व्हय. खोटं मीच बोलत व्हते, राघोभाऊ. दुसरं काय सुचलं न्हाय मला.

राघो : बांध पोरी, फडक्यात बांध.

चंद्रा : आनि लगीन?

राघो : आदी घरी चला. भाकर असंल ना? ह्याच ताटात वाढ मला.