घड्याळ बघत बसलेली नर्स

मी मूळची तारापूरकडची, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, बाप बोटीवर नि आई बोंबील सुकवायची नि विकायची, आमच्या घरात शिकलेलं असं कोणी नव्हतं, मासळी ताजी की शिळी हे लांबनं ओळखायचं तेवढं शिक्षण सगळ्यांचं झालेलं. मी नर्सिंगला गेले ती काय सेवाबिवा करायची म्हणून नाय. बोंबील वाळवायच्या बांबूने आईचा हात फाटला, दवाखान्यात नेलं, तर तिथल्या सिस्टरने जखमेत आळीतल्या बायांनी भरलेली हळद नि चुना कणाकणाने धुऊन काढला नि तोंडातनं एक शब्द नाय काढला. सगळी आळी सोबत गेलेली, सगळी ओरडत होती, ती एकटी गप. मला वाटलं, असं गप राहता आलं पाहिजे. आमच्या घरात गप कोणीच राहत नव्हतं, भरती-ओहोटीवर पण भांडायचे.

मग शिकले, नि पालघरला एका दवाखान्यात लहान पोरांच्या वॉर्डात लागले, नि बरीच वर्षं तिथंच काढली. तिथं आमची इन्चार्ज मरियम सिस्टर, केरळची, एवढीशी बाई, पण डॉक्टर लोक पण तिला विचारून खोकायचे. तिचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी. नवी पोरगी नर्स म्हणून आली की ती धावायची, नव्या पोरी धावतातच, एखाद्या पोराला फीट आली की हातपाय दाबून धर, तोंडात चमचा घाल, पाणी मार, काय वाटेल ते. मरियम सिस्टर एकदाच सांगायची, पोराला कुशीवर कर, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकव, आजूबाजूचं हलव, आणि मग, हाथ पीछे, आँख आगे. खरंच हात मागे बांधायला लावायची, शाळेत शिक्षा करतात तशी. बघ म्हणायची, फीट अपने आप जाता है, तू बस घड़ी देख. कारण थोड्या वेळात थांबली तर बरं, नाय थांबली तर औषध द्यायचं असतं, ते कधी द्यायचं ते घड्याळच सांगतं, आपलं काळीज नाय सांगत, काळीज तर पहिल्या सेकंदालाच द्या द्या म्हणतं.

काय सांगू तुमाला, हात मागे बांधून उभं राहायला मला किती काळ लागला. सुई टोचायला आठवडाभरात शिकले मी, पण काही न करता उभं राहायचं, बाजूला आई छाती बडवतेय, मामा शिव्या देतोय, नि आपण उभं, हे वर्षानुवर्षं केल्याशिवाय अंगात येत नाय. तेच खरं शिक्षण, बाकीचं पुस्तकात हाय.

पुढे रात्रपाळीने पाठ गेली नि मी बोईसरच्या अंगाला बेटेगावकडे एका शाळेत लागले. नाव नाय सांगत, कशाला, तुमी ओळखालच, मोठी कमान हाय. तिथं आजारी पोरांची खोली म्हणत नाय, वेलनेस रूम म्हणतात. फीत कापून उद्घाटन झालेलं. आत एक पलंग, त्यावर पांढरी चादर, नि त्या पलंगावर पोराला झोपवायचं नाय, कारण नवे पालक बघायला येतात नि चादर चुरगळते. उलटी होणारं पोर स्टुलावर बसवायचं नि पलंग त्याच्याकडे बघत राहणार. मी पहिल्याच दिवशी एका तापलेल्या पोराला झोपवला तर शिपाई येऊन मला हळूच सांगतो, बाई, तो दाखवायचा हाय. किळस आली मला. वॉर्डात रक्त, पू, सगळं काढलंय मी, कधी किळस नाय आली, त्या स्वच्छ चादरीची आली.

शाळेत जान्हवी म्हणून एक मुलगी, चौथीतली, बाप सोलापूरकडचा, कारखान्यात कामाला. तिच्या आईने मला पहिल्या आठवड्यात जिन्याखाली गाठलं नि कानात सांगितलं, सिस्टर, हिला फीट येते, आधीच्या दोन शाळांनी कळल्यावर काढून टाकलं, इथं सांगितलं नाय, तुमी कुणाला सांगू नका. आणि फीट नाय थांबली तर नाकात मारायचा स्प्रे माझ्या हातात दिला. मी म्हटलं, बाई, मुख्याध्यापिका मॅडमना सांगितलंच पाहिजे. ती रडायला लागली. मी दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं, आईला समोर उभं करूनच सांगितलं, कारण लपवलेलं दुखणं शाळेत चालत नाय. मॅडम म्हणाल्या, ओह, बरं बरं, काळजी घ्या. काळजी घ्या म्हणजे तुमी घ्या.

तर एक दिवस प्रार्थनेच्या वेळी मैदानावर पोरगी पडली. मी कुशीवर केली, पिशवी डोक्याखाली, पोरांना लांब केलं, स्प्रे मुठीत, हात मागे, नि छातीवर टाचलेलं घड्याळ बघत बसले. इकडे पीटीचे सर कुठनं कांदा घेऊन आले. एक बाई किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात कोंबायला बघतेय. सरांनी पायातली चप्पल काढली नि तिच्या नाकाला लावायला वाकले. मी म्हटलं, सर, चप्पल पायात घाला. तेवढंच बोलले. फीट थांबली, स्प्रे लागला नाय, पोरगी झोपली, उठली, मला विचारते, बाई, माझा डबा कुठाय.

झालं एवढंच. पण ट्रस्टच्या चेअरमनसाहेबांनी कॅमेऱ्यातलं बघितलं. कॅमेऱ्याला आवाज नसतो हो. त्यात काय दिसतं, पोरगी तडफडतेय, सगळे धावतायत, कांदा येतो, चप्पल येते, केवढी माणुसकी, नि नर्स बसून घड्याळ बघतेय. मला बोलावलं. एसी लावलेला, भिंतीवर साहेबांचेच सत्काराचे फोटो, काजू ठेवलेले, कोणी खात नव्हतं. साहेब म्हणाले, सिस्टर, सुटायची वेळ झाली होती का? सगळे हसले. मॅडम पण हसल्या, ज्यांना मी सगळं सांगितलेलं. मी समजावून सांगितलं, घड्याळ का बघतात, हात मागे का. साहेब म्हणाले, ते ठीक आहे, पण पालकांना ॲक्शन दिसली पाहिजे. पीटी सरांचं त्यांनी कौतुक केलं, समयसूचकता म्हणाले. चप्पल काढायला काय समयसूचकता लागते?

मग ठरत होतं ते असं, की जान्हवीचा दाखला हातात द्यायचा. तिची आई बाहेर बाकावर, पदर तोंडात धरून. ही तिसरी शाळा. मला राग सहसा येत नाय, वॉर्डाने तो काढून घेतलाय, त्या दिवशी पण राग नव्हता, त्या चादरीवाली किळस होती. मी म्हटलं, साहेब, ॲक्शनच दाखवायची ना, तर पोरगी कशाला बदलता, नर्स बदला. पालकांना सांगा, नर्सची चूक होती, बदलली. ते त्यांना लगेच पटलं. पटणारच, पोरीची फी येते नि माझा पगार जातो. वर मी एक अट घातली, नवी येईल तिला सहामाहीपर्यंत माझ्याबरोबर ठेवायचं. ते म्हणाले, हो हो, हँडओव्हर. शब्द सापडला की त्यांना गोष्ट आवडते.

मुलाखतीला मला पण बसवलं, शोभेला. साहेब मला विचारतात, सिस्टर, तुमच्या मते अनुभव किती हवा? आमचं मत, नवीन पास झालेली चालेल, शाळेत काय असतं, गुडघे फुटतात, पोट दुखतं. मी म्हटलं, साहेब, वॉर्डात नर्सने हाक मारली की डॉक्टर येतो, शाळेत हाक मारली की पीटीचे सर येतात, म्हणून हवा. वॉर्डात सगळे आजारीच असतात, चुकून पण बऱ्या माणसाला औषध देत नाय तुमी, इथं पाचशे पोरं बरी हायत, त्यातलं खरंच आजारी कोण नि गणिताच्या पेपरने पोट दुखणारं कोण, हे एकटीने ओळखायचं. साहेब म्हणाले, छान. आणि समोरच्या पोरीला विचारलं, स्नेहसंमेलनात निवेदन करता येईल का?

ती पोरगी दर्शना, मासवणची. कागदावर दोन वर्षांचा अनुभव. बाहेर आल्यावर मी विचारलं, कुठल्या वॉर्डात होतीस ग? तर खाली बघून म्हणते, ताई, वॉर्डात नाय, केसपेपर फाडायला बसवलेलं मला. निदान खरं बोलली. त्या इमारतीत खरं बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तिला काय शिकवलं? पहिले पंधरा दिवस पट्टी बांधूच दिली नाय. सकाळी फाटकात उभी करायची, आत येणारी पोरं बघ म्हणायची. कोण रोज पळत येतं नि आज चालत आलं, कोण दप्तर या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतंय. ती म्हणायची, ताई, ह्यात नर्सिंग कुठाय? मी म्हणायची, हेच हाय, बाकी कापूस. नि रविवारी तिला पालघरला मरियम सिस्टरकडे पाठवायची, फुकट, नुसतं वॉर्डात उभं राहायला. पहिल्या रविवारी रडत आली. ताई, त्या बाईने मला दिवसभर हात मागे बांधून भिंतीला टेकून उभं केलं, एका पोराला दोनदा फीट आली, मला हात लावू दिला नाय, माझे हात दुखले बघा. मी म्हटलं, दुखू देत, आई छाती बडवत होती ना बाजूला? हो म्हणाली. तू रडलीस का? तिथं नाय रडले, एसटीत रडले. मी म्हटलं, मग जमेल तुला. एसटीत सगळ्याच रडतात.

पुरेसं झालं का शिकवून? नाय झालं. सहामाहीत कुठे होतं. वर्षं लागतात ती लागतातच, मी कोण कमी करणार. पण सहामाही संपली, मला गुलाबाचं फूल दिलं, प्लास्टिकचं, नि मी निघाले. आता बोईसरला एका दवाखान्यात ड्रेसिंगला बसते. मन तिथंच अडकलेलं, खोटं कशाला बोलू. प्रार्थनेची वेळ झाली की हात आपोआप मागे जातात.

परवा बाजारात पीटीचे सर भेटले. मला बघून अगदी आपलेपणाने तक्रार करायला लागले. म्हणाले, सिस्टर, ती नवीन तर तुमच्यापेक्षा वरचढ निघाली हो. का? तर जान्हवी संचलनाच्या वेळी परत पडली. मी कांदा आणला तर बाजूला ठेवा म्हणाली. चप्पल काढली तर म्हणते, सर, पायात घाला. नि स्वतः काय करते, हात मागे बांधून उभी, घड्याळ बघतेय! चेअरमनसाहेब समोर, पाहुणे समोर, ओरडले तिच्यावर, ही हलली नाही.

मी विचारलं, जान्हवी?

तिला काय झालंय, म्हणाले, झोपली, उठली, डबा खाल्ला. पलंगावर झोपवलं होतं, चादरीची पार वाट लागली.

बरं झालं म्हटलं. सर जाता जाता म्हणाले, साहेब तिच्या जागी परत जाहिरात देतायत, अनुभवाची अट नाही म्हणून, कोणी ॲक्टिव्ह असेल तर सांगा. देऊ देत जाहिरात. त्यांना काय शिकवायचं, ज्यांना चादर कळते त्यांना पोर कळत नाय, माझ्याच्याने ते बदलायचं नाय. जान्हवीला देव सुखी ठेवो, त्या मासवणच्या पोरीला पण ठेवो, सरांच्या चपलेला पण ठेवो, पायातच. मी घरी येऊन मरियम सिस्टरला फोन केला, म्हटलं सिस्टर, शाळेत परत नवी येणार, रविवारी अजून एकीला उभं राहायला जागा ठेवा. ती म्हणाली, भेजो, दीवार बहुत है.