टीव्हीशेजारची सुमन

फोटोसाठी नटूनथटून बसलेलं माणूस मला तेव्हाही आवडायचं नाही. रोजच्या कामात दिसतो तोच खरा चेहरा, आणि हे मी नगरजवळच्या केडगावात सिद्ध झालेलं पाहिलंय.

त्र्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. आत्याने तिच्या लेकीचा, सुमनचा फोटो काढायला बोलावलं. स्थळाला पाठवायचा होता. सुमन ओट्यावर शेंगा फोडत हसत होती. मी कॅमेरा काढला, तोच आत्या ओरडली, "आरं, असला नगं! टीव्हीपाशी बशीव तिला."

आत्याच्या दिराने जहाजावरून जपानी टीव्ही आणला होता. मुंबईचं प्रक्षेपण नगरपर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे त्यावर नुसत्या मुंग्या दिसायच्या, पण वर झालरीचा रुमाल होता. आत्याने माझी कॅमेऱ्याची चामडी बॅगही सुमनच्या मांडीवर ठेवली. "पर्स वाटंल. लई शिकल्याली दिसंल."

मी तसाच फोटो काढला.

पुढे मी कॅमेऱ्याची बॅग घेऊन आत्याकडे गेलो असतानाच मध्यस्थ निरोप घेऊन आले. "मुलगी पसंत आहे. टीव्ही लग्नातच देणार ना, एवढं विचारलंय."

सुमन शेंगांनी भरलेलं सूप घेऊन बाहेर आली. ओट्यावर बसून मला म्हणाली,

"दादा, त्यास्नी नुसत्या टीव्हीचा फोटो धाड. आन् बॅग उघड, आता माझा काढ."