होडीवाल्याचं चित्र मिळणार नाही

—नाही म्हणजे नाही. होडीवाल्याचं चित्र या टेबलावर मिळणार नाही, उद्या ये, परवा ये, तरी नाही. पाटी वाचलीस ना? टिल्डा आणि डॉक्टर ओरिन. संपलं. छातीवर वल्ह्याचा बिल्ला मिरवत माझ्याकडे कशाला आलीस तेच मला कळत नाही — पलीकडची अख्खी रांग तुमचीच आहे की! ती निळ्या केसांची बाई होडीवाल्याच्या उशा विकतेय. उशा! माणसाएवढ्या! मिठी मारून झोपायला! मी काही बोललो का? नाही बोललो. मनात बोललो.

नाही, तूच सांग, आहे काय त्या तुमच्या होडीवाल्या बास्कमध्ये? 'पेनिरॉक' गेम खेळायला घेतली रे घेतली की तुम्ही पोरी त्याच्यावर जीव टाकता — तो करतो काय? टिल्डा बिचारी त्या बेटावरच्या पोस्टात नवी आलेली, लग्नाला पाच-पाच जण तयार — मी तरुण असताना अख्ख्या डेटन गावात मला एक तयार होईना — आणि त्या पाचांत तुम्हाला आवडला कोण, तर होडी वल्हवणारा! तोंडातून शब्द फुटत नाही. गूढ आहे म्हणे. गूढ कसलं डोंबलाचं, बोलायला काही नाही म्हणून बोलत नाही. आणि पहिला बर्फ पडला की होडी काढून पसार, थेट वसंतात उगवणार. कुठे होतास विचारलं तर समुद्राकडे बघतो. याला तुम्ही प्रेम म्हणता? डॉक्टर बघ! टिल्डाला ताप आला तर उशाशी बसून सूप पाजतो. 'औषध घेतलंस का', 'शाल घे', 'खिडकी लाव' — याला म्हणतात काळजी.

काय? माझ्यासारखा दिसतो? कोण, डॉक्टर? हो, म्हणतात सगळे. चष्मा जरा… आणि नाक. अगं, चित्रं काढायची तर समोर कोणीतरी बसायला हवं ना, आरशातला मी फुकटात मिळत होतो. शिवाय मीही डॉक्टरच — दातांचा, पण डॉक्टर. इथे कोलंबसमध्ये उभी हयात लोकांच्या तोंडात बघण्यात गेली, निवृत्त झालो आणि डोरीननं ही गेम माझ्या हातात ठेवली. डोरीन म्हणजे माझी बायको. — त्या खुर्चीवर पिशवी ठेवू नकोस. नाही, कोणी येणार नाहीये, तरी नको. तिची खुर्ची आहे. टिल्डा-ओरिनच्या गोष्टी ती लिहायची, चित्रं मी काढायचो, गेमवेड्यांच्या या मेळाव्यात दर वर्षी हेच टेबल. फेब्रुवारीत गेली. — असू दे, असू दे. तुला काय ठाऊक.

तर सांगत काय होतो — शपथ. आम्ही दोघांनी शपथ घेतली होती, होडीवाल्याशी लग्नाचा रस्ता गेममध्ये धरायचाच नाही. एकाच जोडीवर जीव असलेले पक्के जोडीवाले असंच करतात — समोरच्यांची जोडी चुकूनसुद्धा लावून बघायची नाही, बोटं बाटतात. तुझ्यासारख्या पाचही जणांशी लग्नं लावून बघतात, आम्ही नाही त्यातले. मी त्या बास्कचं एक वाक्य धड ऐकलेलं नाही — हो, तरी नावं ठेवतो! ठेवणारच! नावं ठेवायला खेळावं कशाला लागतं?

आणि डोरीननं — हे बघ, हे बाहेर बोलायचं नाही. त्या उशावाल्या बाईकडे तर मुळीच नाही. ही बघ, ही तिची हातात धरून खेळायची गेम, मी खिशात घेऊन फिरतो. शेवटी शेवटी अंथरुणात पडल्या पडल्या खेळायची. मला वाटायचं, डॉक्टरच. 'आज काय म्हणाला ओरिन?' मी विचारायचो, ती हसायची. ती गेल्यावर म्हटलं, बघू या कुठवर आली होती, तिचं राहिलेलं आपण पुरं करू. उघडली. तर बाईसाहेब धक्क्यावर उभ्या! टिल्डा नाही हं — नाव बदलून स्वतःचं ठेवलेलं, डोरीन. केससुद्धा पांढरे दिलेले. आणि समोर कोण? तो! तुझा तो घुम्या! 'येतेस?' म्हणून विचारतोय, ती गेली तर लग्न, नाही तर नाही. खाली दोन उत्तरं, 'येते' आणि 'थांबते'. तिथेच ठेवून गेली.

हसू नकोस. माझ्या घरात, माझ्या पलंगावर, माझ्याच शेजारी पडून — त्या नावाड्याबरोबर! मी इकडे सूप गाळतोय, गोळ्या काढून ठेवतोय, 'औषध घेतलंस का गं' म्हणून दर तासाला… दर तासाला. हं. — तो विचारतो का गं असलं काही? औषधबिषध? नाही ना? नुसता वल्हवतो. नुसता समोर बसून वल्हवतो. — घरात एक डॉक्टर तिला पुरे झाला असेल.

मग काय, तिथेच उभी आहे ती. मी बटण दाबलेलं नाही. 'थांबते' दाबावं असं आलं मनात — कुणाला कळणार होतं? आपलंच घर, आपलीच बायको. पण बोट उचलेना. आणि 'येते' दाबायचं म्हणजे — त्या माणसाचा भरवसा काय? हिवाळ्यात तिला त्याच्या खोपटात एकटीला टाकून गेला म्हणजे? तिला थंडी सोसत नाही. कधीच सोसली नाही. मी आपला मधूनमधून ही चार्ज करतो, तिला तशीच उभी ठेवतो.

घे, हे टिल्डाचं एकटीचं चित्र ने, पैसे नकोत, डोकं पिकवलंस माझं. जा. — ए! ए पोरी, थांब. तू खेळलीयस ना त्याच्याबरोबर? लग्नाच्या पुढचंही? सगळं? मग सांग — थट्टा नाही करत मी — लग्नानंतर… नीट वागवतो का तो तिला?

काय? — बर्फ पडतो तेव्हा? — होडी वर ओढतो? किनाऱ्यावर? उलटी घालून ठेवतो? — आणि जात नाही. अख्खा हिवाळा? — शेगडी पेटवतो. बोलत नाही, पण शेगडी पेटवतो.

हं.

तरीपण चित्र नाही काढणार मी त्याचं, सांगून ठेवतो. नीघ आता. मागे लोक खोळंबलेत — नाही? कोणी नाही? नसेना का, तू नीघ. मला काम आहे. हिला होडीत बसवून द्यायचंय.