उजव्या कोपऱ्यातला फोटो

हिंगोलीच्या प्रदर्शनात माणूस उंच-बुटका दिसायच्या खोलीपुढं रांग लागली होती. ज्योतीच्या मागं एक मावशी आपल्या भाच्याला दामटत होती.

"पिंटू, उजव्या कोपऱ्यात उभा ऱ्हाय. तिथं माणूस ताडावानी दिसतं. तोच फोटो सेनगावच्या पोरीला धाडू."

"मावशे, भेटल्यावर कळंलच की!"

"तवर पसंती झाली असंल. बुटका म्हणून दोघींनी नकार देल्ला, इसरला काय?"

"पण ही पोरगी लईच उंच हाय. हा पाह्य तिचा फोटो."

ज्योतीनंही हळूच मान वळवली.

"मावशे, हिच्या पायाखाली काळी-पांढरी फरशी काहून हाय?"

"आन् समोरच्या खोलीत कोणती हाय?"

"तीच! कोपरा बी उजवाच!"

"मंग कायले रांगेत उभा हायस? व्हय म्हणून टाक, जोडा बराबर हाय!"