मिटलेलं पान

खरं सांगू? मी अजून जळते. कुंभकोणमला जायचं म्हणून मी महिनाभर टिपा काढल्या होत्या. दुपारी देवळं बंद असतात, तापलेल्या फरशीसाठी मोजे घ्यायचे, जेवण झालं की केळीचं पान आपल्याकडे मिटायचं. माझ्या धाकट्या जावेनं, मीनानं, काही म्हणजे काही वाचलं नव्हतं.

तिथल्या एका मराठी काकूंच्या घरी जेवायला बसलो. रसमभात संपल्याबरोबर मी ऐटीत पान मिटलं आणि मीनाला हळूच म्हटलं, "मीट की! अडाणी दिसतेस."

"थांबा हो ताई, काकू आत गेल्यात."

काकू वाफाळती खीर घेऊन आल्या. माझं पान बघून कौतुकानं म्हणाल्या, "आमची रीत बरी ठाऊक तुम्हांला!"

आणि माझ्या वाट्याचीही खीर मीनाच्या पानावर वाढली.