मुसाफिरखान्याची झापं

रत्नागिरी स्टँडवर जयगडच्या गाडीची रांग. माझ्यापुढे एक म्हातारे चाचा आणि त्यांच्या गावच्या शाळेतल्या बाई.

“चाचा, मुसाफिरखान्याची परवानगी आली म्हणे?”

“आली. पावसाआधी भिंतीला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायला हरकत नाही, असं लिहिलंय.”

“पण भिंत तर गेल्या पावसात पडली!”

“बाप बांधायचा, मग मी बांधायचो. कोणाला विचारलं नव्हतं कधी. इमारत संरक्षित झाली आणि हात लावणं गुन्हा ठरला.”

“तीन अर्ज मीच लिहून दिले होते तुम्हाला.”

“मातीत बसवलेला चिरा, बाई. उघड्यावर किती भिजणार?”

“आता काय उरलंय तिथे?”

“‘संरक्षित इमारत’ लिहिलेला पत्रा.”

“बस, तेवढाच?”

“सकाळी त्यालाच झाप बांधून आलो. मे सरत आला की हातांना राहवत नाही.”